शेकायचं का गार लावायचं?

असे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. दवाखान्याच्या दाराशी चपला साठतात तसे ते साठतात. सकाळी एकच जोड दिसतो, दुपारी बघावं तर पाय ठेवायला जागा नसते.

माजलगावात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. दोन खोल्या आणि बाहेर पत्र्याखाली एक लांब बाकडं. येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "म्याडम, लई दुखायलंय." आणि उठताना विचारतात तेही ठरलेलं, "मग शेकायचं का गार लावायचं?"

मी सांगते. ताजा मार असेल, सूज असेल तर बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून. जुनं, आखडलेलं दुखणं असेल तर शेक, पण सोसवेल एवढाच. दोन्ही पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. एवढं सांगायला मला मिनिटभर लागतं. पुढचं सगळं त्यांच्या घरी घडतं आणि आठवड्याभरानं त्याच बाकड्यावर मला ऐकायला मिळतं. मैत्रिणी भेटल्या की त्यांना तेच हवं असतं. "आज कोण आलतं, सांग की." मग मी नावं बदलून सांगते.

* * *

वामनराव साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. धोतर पांढरंशुभ्र, खिशाला पेन, आणि सांगितलेली गोष्ट तंतोतंत पाळणारा माणूस. त्यांचा गुडघा जुना दुखरा. मी तपासलं, व्यायाम दाखवला आणि म्हटलं, "रोज संध्याकाळी एकदा गरम घ्या, मग गार घ्या. असं आलटून पालटून चारदा करा."

त्यांची एसटी निघायची वेळ झाली होती. मान डोलावून ते घाईनं गेले.

पुढच्या आठवड्यात आले तेव्हा मी विचारलं, सांगितल्याप्रमाणं करताय ना? म्हणाले, एक दिवस चुकवला नाही. गरम किती घेता? सोसवेल तेवढं. आणि गार? माठातलं. मला बरं वाटलं. बर्फ नसला तर माठातल्या पाण्याची पट्टीही चालते, हे त्यांना न सांगता सुचलं म्हणायचं. गुडघा दाबून बघितला तर होता तसाच. मग सहज विचारलं, पाणी कशानं घेता, फडक्यानं का पंच्यानं?

"कपानं," वामनराव म्हणाले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. संध्याकाळी काकू त्यांच्यापुढं चहाची किटली आणि पाण्याचा तांब्या ठेवायच्या. हे एक कप कडक चहा प्यायचे, वर पेलाभर गार पाणी. पुन्हा चहा, पुन्हा पाणी. काकूंनी एकदा विचारलंही म्हणे, याचा गुडघ्याशी काय संबंध? तर यांनी सांगितलं, डॉक्टर शिकलेल्या आहेत, आपण मधी बोलू नये.

मी हसू दाबून बसले होते. वामनराव मात्र गंभीर होते. "गुडघ्याचं राहू द्या," ते गाल धरून म्हणाले, "आता दात ठणकायलेत. दाताला काय घेऊ?"

* * *

तेव्हापासून मी 'घ्या' म्हणायचं सोडलं. 'लावा' म्हणते. पण लावायला बर्फ तरी घरात हवा ना.

मोंढ्यात हमाली करणारा दगडू हरभऱ्याचं पोतं घेऊन उतरताना फळीवरून घसरला. घोटा मुरगळला, बघता बघता सुजला. हाड शाबूत होतं. मी म्हटलं, दोन दिवस पाय उशीवर ठेव आणि दिवसातून चार-पाच वेळा फडक्यातून बर्फ लाव. त्यानं मान हलवली. घरी फ्रीज नाही हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्याचा दोस्त नामदेव मोंढ्याच्या कोपऱ्यावर रसवंती चालवतो. उन्हाळा सुरू झालेला, घुंगरं दिवसभर वाजत होती. नामदेवाकडं बर्फाची लादी भुशात, गोणपाटाखाली ठेवलेली असते. दगडू तिथं गेला, शेजारी पोतं अंथरलं, पाय वर घेतला आणि गोणपाटाची कड उचलून घोटा लादीला टेकवून बसला. दोस्ताचंच दुकान, विचारायचं काय!

दुसऱ्या दिवशी नामदेव स्वतः माझ्याकडं आला. त्याला काही दुखत नव्हतं. म्हणाला, "म्याडम, दगडूला दुसरं कायतरी औषध द्या. गिऱ्हाईक बाकड्यावर बसतंय, पेला हातात घेतंय, मग त्याच्या पायाकडं बघतंय आन् पेला ठिवून जातंय."

मी दोघांनाही बोलावून समजावलं. लादीतला एक तुकडा फोडून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, वर फडकं गुंडाळायचं आणि दगडूनं दुकानाच्या मागं, लिंबाखाली बसायचं. दोघांना पटलं. पायाची सूज तीन-चार दिवसांत उतरली. नामदेवाचं मन मात्र काही स्वस्थ बसेना. गेलेलं गिऱ्हाईक परत यावं म्हणून त्यानं एक पाटी आणली आणि खडूनं मोठ्या अक्षरात लिहून चरकावर टांगली, "आमच्याकडे रसाचा बर्फ वेगळा आहे."

तोवर ज्यांना काहीच माहीत नव्हतं, ते पण विचारायला लागले, "मग दुसरा कशाचा हाय?"

* * *

उमापूरकडचे बिरूबाबा मेंढरं घेऊन दरवर्षी आमच्या भागात येतात. पीक निघालेल्या रानात मेंढरं बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं, यांना चारा. थंडीच्या दिवसांत उघड्यावर झोपून बाबांचे गुडघे इतके धरले होते की बाकड्यावरून उठताना ते आधी काठीला उठवायचे आणि मग स्वतः उठायचे.

माझ्याकडं गरम पाण्याची रबरी पिशवी होती. ती दिली. चुलीवर पाणी तापवायचं, उकळतं नको, पिशवीवर फडकं गुंडाळायचं, सगळं करून दाखवलं. बाबांनी ती घोंगडीत अशी गुंडाळून नेली की काचेचं सामान असावं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आले. गुडघे तसेच. मी विचारलं, पिशवी फुटली का? नाही. पाणी तापवायला सरपण नाही का? आहे. मग?

बाबांनी सांगितलं. एक मेंढी विताना गेली होती. कोकरू राहिलं, पण थंडीनं अंग टाकायला लागलं. दुसरी मेंढी त्याला जवळ घेईना. मग पिशवी त्याच्या पोटाखाली ठेवली. रोज ठेवतात.

"त्याला माय न्हाई," बाबा म्हणाले. "माझे गुडघे काय, हायेतच."

त्याच दिवशी समोरच्या मेडिकलमधून दुसरी पिशवी आणून त्यांच्या हातात ठेवली आणि बजावलं, ही तुमची, कोकराची नाही. बाबा हो म्हणाले.

त्यानंतर आले ते काठी बगलेत मारून. चाल सुधारली होती. मी खुश झाले. म्हटलं, आता शेकता ना रोज? म्हणाले, शेकतो की. पिशवी मधे ठेवतो, एका अंगाला कोकरू, दुसऱ्या अंगाला माझे पाय. एका पिशवीत दोघांचं भागतंय.

"एका पिशवीत? मग दुसरी कुठाय?"

"ती कारभारणीला दिली. तिची कंबर कवापासून दुखायलीय," बाबा म्हणाले, "पर तिनं कधी सांगितलंच न्हाई. पिशवी बिऱ्हाडात आली तवा बोलली."

* * *

सगळेच किस्से हसायचे नसतात. हा मी मैत्रिणींनाही हळू आवाजात सांगते.

तेलगावच्या सुभद्राकाकू कंबरेसाठी यायच्या. त्यांना शेक सांगितला होता. काकू वीट तापवायच्या, जाड सतरंजीच्या तुकड्यात गुंडाळायच्या आणि कंबरेला लावायच्या. त्यांना चांगला आराम पडला. त्यांचे मालक लिंबाजीतात्या, आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस, साखरेचा आजार जुना. तात्या माझे पेशंट नव्हते. ते काकूंना सोडायला यायचे आणि बाकड्यावर कुणाशी तरी कपाशीच्या गप्पा मारत बसायचे.

थंडीत तात्यांचे पाय गार पडायला लागले. पाय कापसावर ठेवल्यासारखे वाटतात, असं ते म्हणायचे. काकूंचा आराम बघून त्यांनाही वाटलं, आपणही वीट लावून बघू. काकूंनी वीट तापवून दिली. तात्यांनी पाय टेकवले आणि म्हणाले, काहीच लागेना, अजून तापव. काकूंनी पुन्हा तापवली. तरी लागेना. मग तात्यांनी वरचं फडकं काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू अंगण झाडत होत्या. तात्या आंघोळीला चालले होते आणि त्यांच्या मागं फरशीवर ओले ठसे उमटत होते. अजून तर पाणी अंगावर घेतलं नव्हतं. काकूंनी त्यांना खाली बसवून तळवा उलटा केला. टाचेपासून बोटांपर्यंत फोड, काही फुटलेले. तात्या म्हणाले, "कावून घाबरतीस? दुखत तर न्हाई."

काकू त्यांना रिक्षात घालून माझ्याकडं घेऊन आल्या. मी पाय बघितला आणि तात्यांना डोळे मिटायला सांगितलं. कापसानं स्पर्श केला, मग टोचून बघितलं. तात्या शांतपणे विचारत होते, "कधी सुरू करणार?" मी कधीच सुरू केलं होतं. त्यांच्या पायाची जाणीवच गेली होती. चटका बसल्याचं कळवणारं त्या पायात कुणी उरलं नव्हतं.

मी लगेच त्यांना बीडला सर्जनकडं पाठवलं. सर्जननी पायाच्या अंगठ्याची खात्री देता येणार नाही म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून काकूंनी स्वतःच्या कंबरेचं नाव काढलं नाही. ड्रेसिंगला नेणं, साखर सांभाळणं, तात्यांच्या जिभेवर पहारा, सगळं त्यांनी केलं. तात्या चिडायचे, काकू ऐकून घ्यायच्या. ऊस तुटून गेला, उन्हाळा आला, तेव्हा कुठं जखम भरली. अंगठा राहिला.

त्यानंतर दोघं आले तेव्हा मी तात्यांना पुन्हा सांगितलं, पायाला शेक नाही, गरम पाणी नाही, आंघोळीचं पाणीसुद्धा आधी दुसऱ्यानं बघायचं. तात्यांनी मान खाली घातली. काकू म्हणाल्या, "आता मी त्यांना विचारतच न्हाई. माझ्या कोपराला विचारते."

* * *

दिवाळी झाली की इथल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. माणसं ऊसतोडीला जातात. निघायच्या आधी मंदाबाई माझ्याकडं आली होती. वय फार नाही, पण मोळ्या वाहून पाठ खालपर्यंत धरलेली. ती बसली आणि आधीच तिनं सांगून टाकलं, आराम कर म्हणू नका, ते जमणार नाही. दुसरं काय ते सांगा.

तिकडं कारखान्याच्या तळावर कोपीत, पाचटाच्या खोपटात राहायचं. लाइट नाही, फ्रीज नाही, गरम पाण्याची पिशवी एका हंगामात फाटते. म्हणून मी तिला खडेमिठाची पुरचुंडी दाखवली. जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यात मीठ बांधायचं, तव्यावर गरम करायचं, आधी मनगटाला लावून बघायचं, मग पाठीला. वाकून मोळी उचलायची कशी तेही दाखवलं. आणि सांगितलं, शेकून झालं की लगेच ओझं उचलू नको, घटकाभर पडून राहा. कुणीतरी मागून शेकून दिलं तर जास्त बरं.

ती ऐकत होती. "घटकाभर पडून राहायचं," तेवढं तिनं दोनदा म्हणून घेतलं.

हंगाम संपल्यावर ती आली ती बरोबर आणखी चारजणींना घेऊन. सगळ्या बाकड्यावर ओळीनं बसल्या. मंदाची पाठ बरीच मोकळी झाली होती. मी म्हटलं, मिठाचा गुण दिसतोय. तर शेजारची बाई हसायला लागली.

झालं असं होतं. तळावर मंदा रोज उसाच्या फडातून आली की पुरचुंडी गरम करून शेकायची आणि मग आडवी व्हायची. नवऱ्यानं विचारलं, हे काय? तिनं सांगितलं, म्याडमची ऑर्डर आहे, शेकल्यावर उठायचं नाही. नवरा माझ्याबद्दल काहीबाही पुटपुटला, पण ऊठ म्हणाला नाही. शेजारच्या कोपीतल्या बाईनं बघितलं. तिचीही पाठ दुखतच होती. मग तिसरीची. थोड्याच दिवसांत पाच कोप्यांत मिठाच्या पुरचुंड्या झाल्या आणि दिवस मावळताना पाच बायका ओळीनं पालथ्या पडून एकमेकींच्या पाठी शेकायला लागल्या. मुकादम एकदा बघायला आला. त्यालाही तेच सांगितलं, डॉक्टरची ऑर्डर.

मला हसू आवरेना. म्हटलं, अगं, पण फडातून आल्यावर चूल पेटवायची वेळ ती. सगळ्याच पडून राहिल्यावर भाकरी कोण करायचं?

मंदा शांतपणे म्हणाली, "ज्याची पाठ दुखत न्हाई त्यो."

* * *

आता कौसाबाईंचं सांगते.

धरणाकाठच्या गावातल्या. पडून मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण हात सुजलेला, बोटं आखडलेली, मूठ मिटेना. भाकरी थापता येत नव्हती. मुली सासरी गेलेल्या, घरात दोघंच. मालक जमेल तसं करून घालत होते. कौसाबाईंना भीती होती की हात असाच राहणार. ती भीती खोटी नव्हती. असे हात हलते केले नाहीत तर तसेच राहतात.

मी व्यायाम दाखवले आणि म्हटलं, दोन पातेली घ्या. एकात सोसवेल असं गरम पाणी, दुसऱ्यात बर्फ टाकून गार पाणी. हात थोडा वेळ यात, थोडा वेळ त्यात. त्या म्हणाल्या, गरम होईल, बर्फ नाही. घरी फ्रीज नाही. मी विचारलं, शेजारी?

"शेजारी हाय," त्या म्हणाल्या. "पर तिच्यात मी जाणार न्हाई."

शेजारी म्हणजे धाकटी जाऊ, रुक्मिण. एकाच अंगणात मधे कमरेएवढी भिंत घालून दोन घरं केलेली. भाऊ भाऊ बोलतात, एका बांधावर बसून जेवतात. जावांचं बोलणं मात्र कित्येक वर्षं बंद. कशावरून, ते आता नीट आठवतही नाही म्हणाल्या, पण आधी बोलायचं तिनं थांबवलं, हे पक्कं आठवत होतं.

मी म्हटलं, मग माठातल्या पाण्यावर भागवा, गुण हळू येईल. त्या बरं म्हणून गेल्या. पुढच्या खेपेला आल्या तर सूज चांगलीच उतरलेली. मला आश्चर्य वाटलं. बर्फ कुठून आणला, विचारलं.

त्यांनी पदर सारखा केला आणि सांगितलं. मालक बांधावर भावाशी बोलले असतील. एके दिवशी दुपारी भिंतीवर स्टीलचा डबा ठेवलेला दिसला. झाकण काढलं तर आत बर्फ. पलीकडं कुणी नव्हतं. त्या बघत उभ्या राहिल्या. हात लावायचा नाही असंच ठरवलं होतं. पण डब्याला बाहेरून पाणी सुटायला लागलं. वितळून वाया जाईल, म्हणून घेतला.

आता डबा परत द्यायचा तर रिकामा कसा द्यायचा? दुसऱ्याचं भांडं रिकामं देऊ नये. म्हणून डाव्या हातानं मिरच्या ठेचून थोडा ठेचा घातला आणि डबा भिंतीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ आला. मग डब्यातून जवसाची चटणी गेली, मग वाळवलेली बोरं. रोज दुपारी डबा यायचा, संध्याकाळी जायचा. बोलणं काही नाही.

त्यानंतरच्या खेपेला कळलं की बोलणं झालं. ठेच्यात मीठ जास्त झालं होतं का, असं कौसाबाईंनी भिंतीकडं तोंड करून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, न्हाई. तेवढंच. दुसऱ्या दिवशी रुक्मिणनं विचारलं, मूठ मिटती का? यांनी सांगितलं, अर्धी. मग रोज भिंतीपाशी मुठीची चौकशी व्हायला लागली. मुठीवरून लेकीबाळींची, लेकीबाळींवरून गावाची. डबा निमित्ताला मधे ठेवलेला.

शेवटच्या खेपेला मी त्यांच्या हातात माझी दोन बोटं दिली आणि म्हटलं, दाबा. त्यांनी अशी दाबली की मला सोडवून घ्यावी लागली. मूठ पुरी मिटत होती, मनगट वळत होतं, सूज नव्हती. भाकरी सुरू झाली होती.

"कौसाबाई, हात बरा झाला," मी म्हटलं. "आता बर्फाची काही गरज नाही."

त्यांनी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटून बघितली. मग हात पदराखाली घेतला, दाराकडं एकदा वळून बघितलं आणि हळूच म्हणाल्या,

"तेवढं तिला कळू देऊ नका."